त्वचा गार पडली आहे

बासष्ट मिलिलिटर! डॉ. वसुधा टिळेकरांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. पाचव्या आठवड्यात पन्नासच्या पुढे जायचंच नव्हतं. कुणीतरी लबाडी करत होतं, आणि कोण, तेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

नऊ वर्षांच्या रेवाला जन्मापासून उजवा कान नव्हता. बरगडीच्या कूर्चेतून कान घडवता येतो हो, पण त्यावर पांघरायला कातडी नको? म्हणून त्या जागी त्वचेखाली स्वयंभर ताणफुगा बसवला होता. तो आपोआप हळूहळू पाण्याने भरतो, वरची त्वचा ताणून वाढते. आता ती लालभडक आणि कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ झाली होती. फाटली की संसर्ग, आणि मग कानाचं नाव काढायला नको.

"चौगुले, खरं सांगा. निकाल लवकर दाखवायचाय म्हणून वेग वाढवलात ना?"

फुगा बनवणारे अभियंता चौगुले भडकले. "काहीही काय, मॅडम! वेग बाहेरून बदलताच येत नाही. फुगा त्वचेची ऊब मोजतो. ऊब म्हणजे रक्त नीट फिरतंय, मग तो थेंबथेंब भरतो. गार लागली की थांबतो आणि आईच्या फोनवर कळवतो."

"आणि ही मरायला टेकलेली त्वचा त्याला उबदार लागते?"

"नोंदी तेच सांगतात. रोज संध्याकाळी गार, अर्ध्या तासात पुन्हा ऊब." चौगुले अडखळले. "रक्त इतक्या झटपट परतत नाही खरं."

वसुधाताईंची नजर रेवाच्या आईकडे वळली. स्नेहल खराडे लेकीला बिलगून अंग चोरून बसली होती.

"घरी काय लावता तिथे? लेप? झाडपाला?"

"देवाशप्पथ नाही! तुम्ही नको म्हणालात, तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही. नुसता ओव्याचा शेक." तिने पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. "आधी माझ्या गालाला लावून बघते, मगच तिला."

"शेक? कुणी सांगितला?"

"फोननेच की." तिने फोन पुढे धरला. त्यावर लिहिलं होतं: त्वचा गार पडली आहे. काळजी घ्या. "पोरीचं अंग गार पडलंय म्हटल्यावर आई काय करणार, मॅडम? एक दिवस चुकवला नाही मी."

चौगुलेंनी पुरचुंडी हातात घेतली; शेकाच्या उबेलाच रक्ताची ऊब समजून फुगा भरत राहिला होता. त्यांच्या मूळ संदेशात लिहिलं होतं, 'रक्तपुरवठा घटला. भरणी थांबवली. रुग्णालयात या.' हे बायाबापड्यांना काय कळणार, म्हणत तो बदलून घेणारं माणूस त्याच खोलीत होतं.

वसुधाताईंनी हातमोजे चढवले. मग त्यांनी सुईने फुग्यातलं वीस मिलिलिटर पाणी काढलं. पापुद्रा सैलावला. तो तग धरतो की नाही, हे तीन आठवड्यांनी कळणार होतं.

"माझा कान होईल ना?" रेवाने विचारलं.

स्नेहलचे डोळे भरून आले. "माझंच चुकलं का हो?"

"नाही," वसुधाताई म्हणाल्या. त्यांना तिच्याकडे बघवेना. "फोनमधलं ते वाक्य मी लिहिलंय."