राघोचं संमतीपत्र

बुधवारी दुपारी मी नवागामला एक पत्र आणायला गेलो होतो. एवढंच काम. पत्र माझंच होतं, फक्त नाव माझं नव्हतं.

आधी माझ्या पोराची ओळख करून देतो, म्हणजे हसायला सोपं जाईल. योगराज. शाळेत गणित शिकवतो आणि दरवर्षी विज्ञानकथांचा संग्रह काढतो. त्याला संपादक म्हणतात. लोक माणसं मंगळावर पाठवतात आणि हा डिंडोलीतल्या दोन खोल्यांत बसून त्यांची वाक्यं कापतो. जेवायच्या टेबलावर कागदांचा डोंगर, आम्ही खाली बसून जेवतो. सून वर्षा एका डोळ्याने भाकरी बघते, दुसऱ्याने प्रूफं. लेखक सगळे डॉक्टर नाहीतर प्रोफेसर. पन्नास जण लिहितात, तेच पन्नास जण वाचतात, आणि एकमेकांना थोर म्हणतात.

मी चौथी पास. चाळीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम चालवली. म्हटलं, यांची जरा जिरवू. राघो या नावाने एक कथा ठोकली, झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतली. शेठ एक यंत्र आणतो आणि मेलेल्या कारागिराला पुन्हा पाळीवर बोलावतो, अशी. कारागीर मरतो आपल्याच गाफीलपणाने, लूममधून उडालेलं शटल, म्हणजे धोटा, कानशिलावर बसून. पत्ता दिला सखारामच्या नवागामातल्या बंद खोलीचा. सखाराम म्हणजे माझा दोस्त, वर्षाचा बाप. बारा वर्षांपूर्वी तो असाच शटल लागून गेला. पोरकी पोर मी सून करून घरी आणली. समाजात माझं नाव झालं, हार घातले लोकांनी. लोकांना हार घालायला कारण लागत नाही.

आणि योगराजने कथा घेतली.

"आबा, हा राघो अस्सल माणूस आहे," तो म्हणाला. "आमच्या प्रोफेसरांना हे जमणार नाही."

चार दिवस मी उशीत तोंड खुपसून हसलो. पण त्याचा एक नियम आहे. लेखकाचं संमतीपत्र आणि शेवटची दुरुस्ती टपालाने आल्याशिवाय तो कथा छापत नाही. त्याने प्रूफ आणि कोरा फॉर्म पाठवून दिला. म्हटलं, जाऊन घेऊन येऊ, राघोची सही करू.

बुधवारी तिकडच्या कारखान्यांना सुट्टी असते. इतर दिवशी नवागामात स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. त्या दुपारी माझ्या चपलेचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता. एकदा पायाखाली, एकदा मागे.

खोलीला गंजलेलं कुलूप. पत्र कुठेच नाही. फटीतून मात्र वास येत होता... लूमच्या तेलाचा, ताज्या.

खाली तळमजल्यावर राहणारी चंचलबाई भाजी निवडत होती. "पत्र? ते वरच्याने घेतलं ना."

"वर कोण राहतं?"

"कोणीच नाही," ती म्हणाली, आणि मग तिची बोटं थांबली. "जिन्यातून हात आला होता, काका. मी दिलं..."

मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

पुढच्या बुधवारी पाकीट घरी आलं. योगराजने प्रेसच्या घाईपायी रजा घेतली होती. मी हात पुढे करायच्या आधीच त्याने पाकीट फोडलं. वर्षा भाकरी थापत होती.

"वा," तो म्हणाला. "लेखकाने शेवट बदलला. आणि गंमत बघा आबा, पात्राला तुमचं नाव दिलंय." मग त्याने मोठ्याने वाचलं: "कारागीर वाकून तुटलेला धागा जोडत होता. हिलालने गंमत म्हणून मागून लूमचं बटण दाबलं."

मला सखाराम फक्त दचकायला हवा होता. बाकी काही नको होतं. ही गोष्ट मी देवालाही सांगितली नव्हती.

"आता शेवट पटतो," माझं गणितवालं पोर म्हणालं. "आधी कारण कच्चं होतं."

भाकरीचा आवाज थांबला. वर्षा पिठाच्या हातानेच आली. फॉर्मवर सही नव्हती, काळ्या तेलाचा अंगठा होता, मधोमध आडवी चीर.

"दादांच्या अंगठ्याला धाग्याने अशीच चीर पडलेली होती," ती हळूच म्हणाली. बापाला ती दादाच म्हणायची.

"लूमवाल्या सगळ्यांना पडते," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही, आबा."

योगराजचं लक्ष फॉर्मच्या खालच्या ओळीवर. लेखकाची प्रत कुठे पाठवायची, त्याचा रकाना असतो. "हे काय, पत्ता आपल्या घराचा दिलाय? बरं झालं, टपाल वाचलं."

वर्षाने आरडाओरड केली असती तर मी दोन विनोद करून निसटलो असतो. तिने टेबलावरचे कागद उचलून खाली ठेवले आणि चार ताटं मांडली.

"कोणी येणार आहे का?" योगराजने विचारलं.

"लेखक," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "आबा, घ्या ना. गार होतंय."

पुस्तक निघालं. लोक राघोला थोर म्हणतात. योगराज त्याला दुसरी कथा मागतोय, गाढव. वर्षा माझं सगळं करते, चहा, गोळ्या, धुणं. आपणहून बोलत नाही. आणि दर बुधवारी चौथं ताट वाढते, दाराजवळच्या कडेला. विचारलं तर म्हणते, मी दर वेळी तिथंच ठेवते.

पहिल्या बुधवारी ते तिथंच होतं. काल मी हात धुऊन आलो, तर ते माझ्या ताटाला खेटून होतं. अर्धी भाकरी मोडलेली. आणि मोडलेल्या कडेला तेल.