दुपारी दोनचा डोस

ही हकिकत मी दोनदा खोटी पाडायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तोंडावर आपटलो.

सांगणारी माझी सख्खी मावशी आहे. तीस वर्षं नर्स. तिच्यासमोर कोणी भुताचं नाव काढलं, तर ती आधी त्याचा ताप बघेल. अशी बाई घरातल्या बंद दाराकडे पाठ करून बसायला घाबरू लागली, तर ऐकणाऱ्याने गपगुमान ऐकावं.

आणि रात्रबित्र काही नव्हती. टळटळीत दुपार होती. घड्याळात दोन वाजले होते.

मावशीचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा. त्याला मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला. कळलं तोवर तो हाडांत शिरला होता. कमरेत, आणि डाव्या खुब्यात. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, आता आजाराचं सोडा, दुखणं तेवढं सांभाळा, घरी न्या. मामाने लग्न केलं नव्हतं. मावशीने दोन महिन्यांची रजा टाकली आणि आपलं अंथरूण त्याच्या घरी हलवलं.

घर कसलं, दोन खोल्या. पुढच्या खोलीत मामाचा पलंग. मागे स्वयंपाकघर. मध्ये एक दार. बाहेरच्या दाराला दुपारी आतून कडी असायची.

मामा जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त करत आला. स्वभाव मिश्कील. म्हणायचा, लोकांचे पंप खोलता खोलता स्वतःचं फिल्टर बघायचं राहूनच गेलं. लघवीच्या पिशवीत रक्त उतरलं की बोट दाखवायचा, "बघ गं धाकटे, आज सरबत लाल आहे." मावशी हसायची. मग पिशवी रिकामी करायला आत जायची आणि नळ मोठा सोडून रडून घ्यायची.

त्याला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. खुब्याला नुसता धक्का लागला तरी जीव कळवळायचा. म्हणून रोज दुपारी अंग पुसायच्या आधी मॉर्फिनच्या पातळ औषधाचा एक जादा डोस. दोन वाजता डोस द्यायचा. अर्धा तास थांबायचं. औषध अंगात भिनलं की मगच कूस बदलायची.

तो अर्धा तास मावशी डोळ्यांत तेल घालून पाळायची. एक मिनिटही इकडचं तिकडे नाही.

त्याला कारण होतं. ते तिने तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं.

वर्षभरापूर्वी तिच्या वॉर्डात एक शिंपी होता. म्हातारा, मऊ बोलणारा. आजार हाच, हाडंही हीच. दिवसभर पडल्यापडल्या तळहाताने चादरीच्या चुण्या सारख्या करत असायचा. नर्सनाही चुणी नकोच असते, चुणीने पाठ सोलते. त्यामुळे त्याचं आणि मावशीचं जमायचं.

एका दुपारी वॉर्डात बावीस पेशंट आणि दोन नर्स. मोठे डॉक्टर राउंडला येणार होते. मावशीने शिंप्याला डोस दिला आणि नऊ मिनिटांत कूस बदलायला घेतली. तो म्हणाला, बाई, औषध अजून लागलं नाही, थोडं थांबता का. ती म्हणाली, झालंच, एक मिनिट. आणि वळवलं.

तो ओरडला नाही. त्याने ओठ चावला. ओठातून रक्त आलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी मावशीने माफी मागितली, तर तिच्या हातावर थोपटून म्हणाला, "तुमचा दोष नाही. बाईंना घाई असते."

ज्या हाताला गुण आहे असं अख्खा वॉर्ड म्हणायचा, तो हात तिला तेव्हापासून परका वाटू लागला. मामाला त्या हाताने दुखवायचं नाही. बस्स, एवढंच तिला हवं होतं.

मामाकडे तिसरा आठवडा चालू होता. तिने दोनला डोस दिला. चादरी भिजवायला स्वयंपाकघरात गेली. अडीचला कोमट पाणी घेऊन परत आली…

मामा डाव्याचा उजव्या कुशीवर झालेला.

पाठीला उशी. गुडघ्यांमध्ये घडी केलेली उशी. टाचा पलंगाला न टेकता अधांतरी, अगदी शिकवल्यासारख्या. आणि चादरीला एक चुणी नाही.

बाहेरच्या दाराची कडी लागलेलीच होती.

मावशीने विचारलं, तुला कोणी वळवलं. मामा अर्धवट झोपेत होता. चेहरा इतका शांत की तिने महिन्याभरात पाहिला नव्हता. म्हणाला, तूच ना. मग जरा वेळाने म्हणाला, "नाही गं. पुरुषाचे हात होते. गार. मला म्हणाला, बाईंना घाई असते, मी करतो."

मावशीच्या हातातलं पाणी तिच्याच पायावर सांडलं.

शिंप्याबद्दल मामाला काहीएक माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पलंगाशेजारची खुर्ची सोडून हलली नाही. दोन वाजले. अडीच वाजले. काही झालं नाही. मनाचे खेळ, असं म्हणून तिने बाह्या सरसावल्या आणि नियमाप्रमाणे, हळू, एक हात खांद्याखाली आणि एक खुब्याखाली घालून त्याला वळवलं. मामा गुरासारखा ओरडला. तासभर कण्हत होता. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस वाढवला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच झालं. वाढीव डोसने त्याला गुंगी आली, पण तिचा हात लागला की दुखणं तसंच.

चौथ्या दिवशी मामाच म्हणाला, जरा चाचरत, "धाकटे, राग मानू नकोस. तू आत जाऊन बस ना थोडी."

तिला कळलं, तो कशासाठी सांगतोय. आणि ती उठली.

ही गोष्ट सांगताना मावशी माझ्याकडे बघत नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. पाठच्या बहिणीने भावाला कोणाच्या हवाली करावं? आणि का? तर त्याचे हात दुखवत नाहीत म्हणून.

तिने मधलं दार लोटून घेतलं. स्टुलावर बसली. दोन वाजून दहा मिनिटं झाली आणि…

सर्र.

थांबून पुन्हा… सर्र.

तळहाताने कापड सारखं करताना येतो तो आवाज.

तिला राहवलं नाही. तिने दार उघडलं. खोलीत मामाशिवाय कोणी नव्हतं. पण मामा अर्धाच वळलेला होता. पाय हवेत… कोणीतरी धरून ठेवल्यासारखा. ती आत आली तसा तो पाय धप्पकन खाली पडला.

त्या दिवशी मामाचं ओरडणं रस्त्यापर्यंत गेलं. शेजारी चष्म्याचं दुकान असलेला चष्मेवाला धावत आला. ती संध्याकाळ, ती रात्र मामाने कशी काढली ते मावशीने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की तिने त्याच्या पायाशी बसून शपथ घेतली, पुन्हा मध्ये दार उघडणार नाही. आवाज थांबेल तेव्हाच जाईन.

पुढचे अकरा दिवस तिने ती पाळली.

अकरा दिवस मामाला कूस बदलताना दुखलं नाही. तो हसायचा, थट्टा करायचा, दोन घास खायचा. पाठीला एक जखम नाही. डॉक्टर मावशीला म्हणाले, बाई, काळजी घ्यावी तर तुमच्यासारखी. ती मान खाली घालून उभी राहिली. काय सांगणार, मी तर दुपारी स्वयंपाकघरात बसलेली असते?

बाराव्या दिवशी दोनला डोस दिला. मामाने तिचा हात जरा जास्त वेळ धरला. मग सोडला. ती आत गेली, दार लोटलं.

दहा मिनिटांनी आवाज सुरू झाला. सर्र… सर्र…

मग मामा बोलला. हळू, पण स्पष्ट.

"जरा थांबा. धाकटीला येऊ द्या."

मावशीचा हात कडीवर गेला.

आणि तिला तो हवेत लटकणारा पाय दिसला. ते ओरडणं ऐकू आलं. आत्ता दार उघडलं तर पुन्हा तेच. तिने स्वतःला समजावलं, की वळवणं होऊ दे, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. एकदा थांबले नव्हते, तर काय झालं ते पाहिलंय. आता थांबते.

पलीकडे मामा अजून एकदा काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत.

आवाज चालूच राहिला. रोजच्यापेक्षा जास्त वेळ. मध्ये पाण्याचा आवाज आला… कापड पिळल्याचा आला. तीस वर्षं नर्स असलेली बाई ते आवाज ओळखणार नाही का? तिने ओळखले. तरी तिने दार उघडलं नाही.

अडीचला सगळं शांत झालं. ती आत गेली.

मामा गेला होता.

अंग पुसलेलं. केस विंचरलेले. डोळे मिटलेले. हात छातीवर जुळवून ठेवलेले. हनुवटीला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली, तिच्या कडेला हाताने घातलेले बारीक टाके. तसं कापड त्या घरात नव्हतं.

मावशीने शेकडो मृतांचं शेवटचं केलं आहे. सख्ख्या भावासाठी मात्र तिला करायला काही उरलंच नव्हतं. ती पलंगाशेजारी उभी राहून नुसती हात चोळत राहिली.

ती पट्टी मी पाहिली आहे. मावशीने जपून ठेवली आहे. पहिल्यांदा मी म्हटलं होतं, की तूच बांधली असशील, दुःखात आठवत नसेल. दुसऱ्यांदा शेजारच्या चष्मेवाल्याला भेटलो. तो म्हणाला, मावशीने हाक मारल्यावर सगळ्यात आधी आत तोच गेला, आणि तिच्या साडीवर, हातांवर पाण्याचा एक थेंब नव्हता. पलंगाखालचं फडकं मात्र ओलं होतं.

मावशी परत कामावर गेली, पण वॉर्डात नाही. केसपेपर काढायच्या खिडकीत बसते. पेशंटला हात लावावा लागत नाही तिथे.

परवा मी तिला विचारलं, की तो शिंपी सूड घ्यायला आला होता का?

ती म्हणाली, "सूड असता तर मी पदरात घेतला असता रे. पण दादाला अकरा दिवस दुखलं नाही. ते मला जमलं नसतं. मग त्याने हाक मारली तेव्हा मी का गेले नाही, हे मी कोणावर ढकलू?"

मी तिचा हात हातात घ्यायला गेलो, तर तिने तो काढून घेतला.