काहीच न लावल्यासारखी नवरी

पुरुषमाणूस तिच्या पार्लरची पायरी सहसा चढत नसे. बायकोला, बहिणीला दाराशी सोडायचं आणि बाहेरच्या बाहेर पसार व्हायचं, हीच रीत. म्हणून त्या दुपारी एक उंच तरुण थेट आत शिरला आणि धापा टाकत म्हणाला, "तुमच्याकडे मेकअप... काढून मिळतो का?" तेव्हा तिला हसूच फुटलं.

"लोक करून घ्यायला येतात," ती म्हणाली. "आणि तुम्ही तर काही केलेलाही दिसत नाही."

"माझा नाही हो! आईचा. गाडीत बसलीय... रडतेय."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. "मग इथे काय उभे राहिलात? आणा त्यांना आत."

पन्नाशी ओलांडलेली एक सडपातळ बाई पदराआड तोंड लपवत आली. भिंतीला चुना फासावा तसा चेहऱ्यावर पांढरा थर, मानेचा रंग निराळाच, आणि त्या सगळ्यातून खाली आलेले काळे ओघळ. होणाऱ्या नणंदेनं हौसेनं बाजारातल्या मोठ्या पार्लरात नेलं होतं म्हणे, लग्नाआधी एकदा करून बघायला.

"नवरी मीच आहे," खुर्चीत बसताना ती ओशाळून म्हणाली. "हस पोरी, खुशाल हस. या वयात—"

"नवरी म्हणजे नवरी. त्यात वयाचं काय? डोळे मिटा, काकू."

तेलात बुडवलेली बोटं गालांवरून गोल गोल फिरली, मग ओला मऊ रुमाल. थर उतरत गेला तसा खालून खरा चेहरा वर आला. सावळा, तुकतुकीत, हनुवटीवर तीळ, डोळ्यांच्या कडेला हसून हसून पडलेल्या बारीक रेघा.

"हां!" कोपऱ्यातून मुलगा मोठ्यानं म्हणाला. "ही माझी आई."

केलेल्या मेकअपचं कौतुक तिनं ऐकलं होतं. उतरवलेल्याचं कौतुक पहिल्यांदाच ऐकत होती... आणि ते भलतंच गोड लागलं.

खरं तर तिचं मन त्या दिवसांत या कामावरून उडालं होतं. हात हलका, म्हणून तक्रारी फार. "पोरगी एवढा वेळ बसली, आणि काही केल्यासारखं दिसतच नाही!" असं नवऱ्यामुलींच्या आया तोंडावर म्हणत. दुसऱ्या शहरातल्या एका पार्लरनं नोकरीला बोलावलं होतं, आणि तिचं जायचं जवळजवळ ठरलं होतं.

"मला काहीच न लावल्यासारखं दिसायचंय," काकू म्हणाल्या. "जमेल तुला?"

"काकू, मला तेवढंच जमतं."

मुलगा जनावरांचा डॉक्टर होता. वडील तो शाळेत असतानाच गेले. आईनं नोकरी करून, पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकवलं. आता तो मार्गी लागल्यावर तिला तिच्यासारखंच एकटं पडलेलं माणूस भेटलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. या लग्नाला पहिला होकार मुलाचाच.

रंग जुळवून बघायच्या दिवशी काकूंना सुट्टी मिळाली नाही. तो एकटाच आला.

"आईच हवी असं थोडंच आहे? माझा रंग तिचाच. नाक तेवढं बाबांचं."

तिनं त्याला खिडकीपाशी बसवलं. ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नव्हता. जबड्याच्या कडेला तिनं तीन रंगांचे पट्टे ओढले.

"हलू नका."

"माझे पेशंट यापेक्षा जास्त हलतात. चावतातसुद्धा."

"तुम्ही चावू नका म्हणजे झालं. आणि... समोर बघा."

"समोरच बघतोय."

ती गडबडली. बोट क्षणभर त्याच्या गालावर तसंच राहिलं. मग घसा साफ करत म्हणाली, "हा तिसरा बघा. कातडीत मिसळून दिसेनासा झाला. हाच आपला."

"म्हणजे जे दिसत नाही, ते बरोबर?"

"मेकअपमध्ये, हो."

"आणि बाकीच्या गोष्टींत?"

तिनं कापसानं त्याचा गाल जरा जास्तच जोरात पुसला.

त्यानंतर त्याला पार्लरात काही ना काही काम निघू लागलं. आईनं चष्मा लावायचा का? रात्री कुठलं क्रीम? हे फोनवर विचारता येत नाही का, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या सरावाला माय-लेक दोघं आले. भुवया भरून घेता घेता काकू मधेच बोलल्या, "का रे, सगळी दुनिया हिला ताई म्हणते. नव्वदीच्या आजीबाईसुद्धा म्हणतात. तू बरा कधी म्हणत नाहीस!"

"आई, बोलू नकोस. भुवई बिघडेल."

त्याचे कान लालबुंद झाले. तिचा ब्रश हवेतच थांबला. काकू मिटल्या डोळ्यांनी हसत राहिल्या.

"तुमचं लग्न झालं की मी जाणार आहे, काकू," ती हळूच म्हणाली. "दुसरीकडे नोकरी... बोलणं झालंय."

त्या दिवशी तो निरोप न घेताच गेला.

लग्नाच्या सकाळी तिनं काकूंना त्यांच्याच घरातल्या खिडकीत बसवलं. ओल्या स्पंजानं रंगाचा पातळ हात, तोही हवा तिथेच. डोळ्यांखालची काळसर सावली बोटानं हलकी केली. हसण्याच्या रेघा तशाच ठेवल्या. ओठांच्या रंगाचा एकेक ठिपका गालांवर विरघळवला. तिळाला धक्कासुद्धा लावला नाही.

काकूंनी आरसा घेतला. जवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला.

"काकू... चुकलं का काही?"

"नाही गं. ही बाई मला किती वर्षांनी भेटली!" आणि त्यांनी तिचे रंगानं माखलेले हात आपल्या गालांशी धरले. "देव तुझं भलं करो."

नोंदणी कार्यालयात मास्तरांनी नवरीकडे निरखून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "आज झोप अगदी छान झालेली दिसतेय तुझी!"

सगळे खो खो हसले. ती मात्र भिंतीकडे वळली. डोळे भरून आले होते. आपल्या हातांना एवढी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती.

व्हरांड्यात तो मागोमाग आला. "तुमचे आभार कसे—"

"आभार मी मानायचे. माझ्या हातात कसबच नाही, असं वाटायला लागलं होतं मला. काकूंनी ते परत दिलं." तिनं डोळे टिपले. "त्या नोकरीला काल नाही म्हणून कळवलं."

"खरंच? का?"

"काकूंच्या दोन मैत्रिणींनी मुलींच्या लग्नासाठी विचारलंय. शिवाय..."

"शिवाय?"

"शिवाय काही नाही."

त्यानं एक मोठा श्वास घेतला. "मला तू आवडतेस. म्हणजे, तुम्ही... म्हणजे—"

"कोण ते नक्की करा आधी."

"तू."

ती खाली बघून हसली. "मी सकाळी उठल्यावर कशी दिसते, ठाऊक आहे? केसांचं घरटं, डोळे सुजलेले..."

"नाही ठाऊक. पण रोज बघायची तयारी आहे."

आतून काकूंची हाक आली, "अरे, फोटोला या ना! दोघंही या!"

"हो," ती म्हणाली. काकूंना नव्हे, त्याच्याकडे बघून.

"हो म्हणजे... फोटोला?"

"फोटोलाही."