मिरचीतल्या चाळीस कुप्या

"मॅडम, कुप्या गेल्या! चाळीसच्या चाळीस!"

प्रतीक्षाचा फोन आला आणि अदिती अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून तडक निघाली. वरूडजवळच्या प्रतीक्षाच्या मिरचीत पाय ठेवताच अदितीचं तोंड उतरलं. पानांवर पिवळे चट्टे, शेंडे आकसलेले. विषाणूच. याला औषध नाही.

कुप्या अदितीनंच तारेनं बांधल्या होत्या. मावा रस शोषत या झाडावरून त्या झाडावर रोग नेतो. कुप्यांतल्या वासानं तो पळावा, असा प्रयोग. यंदा मिरची गेली तर वावर ठोक्यानं, वर्षाच्या भाड्यानं, देऊन टाकू, असं प्रतीक्षाच्या दिरानं बजावलेलं. तिच्या बाजूनं घरात एकटी सासू, गंगूबाई. फुलांचे हार विकून आली की म्हातारी शेतातच.

"शेवटच्या कधी पाहिल्या?"

"तीन आठवडे झाले. बाबा दवाखान्यात होते, मी अमरावतीले होती. आजच आली."

"संशय कोणावर?"

"धर्मेंद्रवर! त्याले हे वावर पायजे."

धर्मेंद्र शेजारच्याच वावरात, आपल्या कपाशीत होता. तो भडकलाच.

"म्या काहून नेऊ? माह्याच कपाशीत गंधाचे सापळे हायेत. वासानं कीड येते न् अडकते. गंगूकाकूनं इचारलं, तिलेबी हेच सांगतलं."

अदिती मिरचीत परतली.

"रोग आधी कुठं दिसला?"

"धुऱ्याकडं," मिरचीत उभी असलेली गंगूबाई पुटपुटली.

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मागच्या सालची मिरचीची पाच-सहा रोगट झाडं होती. त्यांत लटकत होत्या चाळीस कुप्या. तार नव्हती, हाराचा पांढरा दोरा होता.

"गंगूबाई, तुम्हीच ना?"

म्हातारी मटकन खाली बसली. "वासानं मावा येते म्हने. म्हटलं, सारा त्या सडक्या झाडावर जाईल. पोरीची मिरची वाचंल."

"कपाशीतला वास किडीला बोलावतो. हा उलटा आहे. संकटात मावाच तो सोडतो, बाकीच्यांना पळा म्हणून. तुम्ही रोगट झाडांवरून मावा हाकलला. तो रोग घेऊन थेट तुमच्या मिरचीत आला."

"आता परत बांधल्या तं?"

"उपयोग नाही. सगळी उपटावी लागेल."

देवा रे, म्हातारीच्या तोंडाकडं बघवेना.

प्रतीक्षानं डोळे पुसले. "मॅडम, भाऊजी येतीन आता. अमरावतीले जायच्या आधी कुप्या मीच हलवल्या म्हना."

"अवं पोरी..."

"उठा आत्याबाई. त्या टोकाकडून तुमी उपटा."