हिरवी पट्टी

हातमोजे आणायला खाली स्टोअरमध्ये चालली आहेस ना? जा, पण आधी तो मास्क नाकावर घे. "मला एकदा होऊन गेलंय, काका," हे मला ऐकवू नकोस. बसा जरा सगळ्याच. तुम्ही या हॉस्पिटलात नव्या आहात, तुम्हाला ठाऊक नसेल.

माझा मेव्हणा ते स्टोअर सांभाळायचा. साथीच्या दिवसांत अंगभर घालायचे किट कमी पडले. वरच्या शहाण्यांनी डोकं लढवलं. एकदा होऊन गेलेल्यांना आता काय धाड भरणार? त्यांच्या कोटावर हिरवी पट्टी चिकटवायची, बरं झाल्याची तारीख त्यावर लिहायची आणि नुसत्या मास्कवर वॉर्डात पाठवायचं.

पहिली पट्टी लागली ती आमच्या थोरल्या सिस्टरना. सगळे त्यांना ताई म्हणायचे. रोज ड्यूटीच्या आधी त्या अंगठीने स्टोअरच्या खिडकीवर दोनदा टकटक करायच्या.

"दादा, एक किट द्या हो. पट्टीवाल्यांना पुन्हा होतंय, मी बघतेय. घरी लेक लहान आहे."

"हिरवी पट्टी आहे ना तुम्हाला?" एवढं बोलून हा खिडकी लोटायचा. आत चार किट होते. पाहणीला येणाऱ्या साहेबांसाठी राखलेले. माझाच मेव्हणा, पण राग येतो अजून.

ताईंना पुन्हा झालं. नवव्या दिवशी गेल्या. कागदावर लिहिलं, हृदयविकार. पट्टीवाल्यांना पुन्हा होत नाही, असं ठरलं होतं ना.

पुढच्या मंगळवारी, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, मेव्हणा असाच हातमोज्यांचं खोकं काढायला स्टोअरमध्ये गेला. खोकं काढलं. वळला.

टकटक.

खिडकी बंद होती. काचेपलीकडे पांढरा कोट... तोंड दिसत नव्हतं.

"दादा... एक द्या हो."

आणि या माणसाच्या तोंडून काय निघावं? सवयीनं निघालं.

"हिरवी पट्टी आहे ना तुम्हाला?"

 

"...आहे ना."

मग त्यानं कपाट उघडलं. साहेबांचं किट ओढलं. डोळे मिटून, खिडकी उघडून बाहेर ठेवलं. तसाच खाली बसला. उजाडेपर्यंत.

सकाळी माझी ड्यूटी सुरू झाली तेव्हा त्याला मीच उठवलं. किट खिडकीबाहेर तसंच होतं, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. त्यावर एक हिरवी पट्टी नीट चिकटवलेली. पट्टीवर ताई बऱ्या झाल्याची तीच तारीख, त्यांच्याच अक्षरात.

कुणीतरी चेष्टा केली असेल, म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण ताईंना त्या पट्टीच्या कोटासकट पिशवीत घातलं होतं, आणि त्या पिशवीची चेन मी माझ्या हाताने ओढली होती.