प्रतिराज्यातली नावं

२०७१च्या निवडणुकीला अकरा दिवस उरले असताना प्रतिराज्याचा अहवाल आला आणि पहिल्यांदाच असं झालं, की कुठल्याच पक्षाने पेढे वाटले नाहीत.

प्रतिराज्य म्हणजे संगणकात उभारलेला दुसरा महाराष्ट्र. माणसं तीच, पाऊस तोच, जगातले बाजारभाव तेच. फरक एकच: २०५६ साली इथे सुरई पक्ष निवडून आला, तिथे वल्हं पक्ष. पुण्यातल्या डॉ. मकरंद सोवनींच्या संस्थेने पुढची पंधरा वर्षं संगणकावर दहा हजार वेळा चालवून पाहिली. दोन्ही राज्यांत उत्पन्न तेवढंच, बेकारी तेवढीच, बंद पडलेले कारखानेही तेवढेच. पळसाला पानं तीनच! सोवनींनी या शोधाला ‘अचल बेरीज’ असं भारदस्त नाव दिलं. शास्त्रज्ञांना बारसं केल्याशिवाय चैन पडत नाही.

चार दिवसांनी दुपारी मलकापूरच्या केशर तायडे संस्थेत आल्या. त्या सुरई पक्षाच्या पानप्रमुख, म्हणजे मतदारयादीतलं एक पान त्यांच्याकडे. त्यावरच्या तीस माणसांना घरातून काढून मतदानाला न्यायचं, हे काम त्यांनी एकोणतीस वर्षं केलं होतं.

“साहेब, छप्पन्न साली आमचा उमेदवार दोनशे अकरा मतांनी आला, अन् त्या एका जागेवर सरकार बनलं,” त्या म्हणाल्या. “तापानं फणफणलेली माणसं मी रिक्षात घालून नेली व्हती. मंग आमच्याच सरकारनं बॅटरीचा कारखाना बंद केला. तिथं कामाले व्हते ते माहे घरधनी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसले, अन् एक दिवस रेल्वेखाली गेले. मले एवढंच सांगा, ते सरकार आलं नसतं तं?”

“काही फरक पडला नसता, ताई. बेरीज तीच आली असती.” सोवनींना वाटलं, आपण धीर देतोय.

“बेरीज नोका सांगू. नाव काढा. ईश्वर तायडे.”

कामाच्या चार वर्षांत संस्थेतल्या कुणीही एकसुद्धा नाव उघडलं नव्हतं. बेरीज सारखी आली म्हणजे आतलंही सारखंच, असं सगळे विद्वान धरून चालले होते. ज्या बाईचं आयुष्य नावं वाचण्यात गेलं, तिला ही चूक लगेच दिसली.

सोवनींनी नाव टाकलं. प्रतिराज्यात मलकापूरचा कारखाना चालू होता. दहा हजारांपैकी साडेनऊ हजार फेऱ्यांत ईश्वर तायडे जिवंत होते. बंद पडला होता तो उदगीरचा कारखाना, आणि रेल्वेखाली गेली होती तिथली माणसं.

“गोधडी आखूड आहे, ताई,” सोवनी हळू आवाजात म्हणाले. “तिची लांबी पाऊस आणि जगाचा बाजार ठरवतो. कुणाचे पाय उघडे पाडायचे, एवढंच सरकारच्या हातात.”

“म्हंजे मीच मारलं माह्या घरधन्याले.”

“तसं नाही हो...”

“दोनशे अकरा मतं, साहेब. त्यातली तीस माह्या पानावरची.” केशरताई रडू लागल्या. स्वतःच्या शोधाची सोवनींना त्या क्षणी शिसारी आली.

केशरताईंनी डोळे पुसले. “पुढचं दिसते का याच्यात? माही पोरगी मलकापुरातच शीतगृहात कामाले हाय.”

नाही म्हणायला हवं होतं. सोवनींनी बटण दाबलं. “सुरई आली तर मलकापूरची शीतगृहं बंद होतात. वल्हं आलं तर राहतात.”

“वल्हं आलं तं कुठली जातात?”

“कऱ्हाडची. तुमच्या मुलीच्या जागी तिथली एक बाई...”

“थांबा! नाव वाचू नोका. वाचलं तं मले दारोदार फिरता यायचं नाही.”

“या नुकसानाची बेरीजच कमी कशी करायची, ते शोधता येईल,” सोवनी घाईने म्हणाले. “चार-पाच वर्षं लागतील.”

“शोधा की,” केशरताई उठल्या. “निवडणूक सात दिवसांवर हाय.”

एकोणतीस वर्षं सुरईसाठी झिजलेली ती बाई दुसऱ्या सकाळपासून वल्ह्याच्या प्रचाराला लागली. प्रत्येक उंबऱ्यावर ती हात जोडून म्हणायची, “यंदा वल्ह्याले द्या, मलकापूरचं भलं होईल.” इतक्या वर्षांच्या प्रचारात ती पहिल्यांदाच शंभर टक्के खरं बोलत होती.