गहाळ झालेले त्रेचाळीस अर्ज

मुख्याध्यापक क्रेन यांचा फोन सकाळी आठलाच आला. "डोरीनबाई, लगेच या. मोफत जेवणाचे त्रेचाळीस अर्ज गायब आहेत."

डोरीन हॅस्केट अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या त्या जिल्ह्यात शाळांची जेवणं तपासायची. या अर्जांवरूनच शाळेतली गरीब मुलं मोजली जात आणि त्या आकड्यावर सरकारी मदत ठरे. त्रेचाळीस अर्ज कमी म्हणजे शाळा कागदावर सुखवस्तू आणि वाचन शिकवणाऱ्या दोन शिक्षिका घरी.

"मेलीनचंच काम," क्रेन म्हणाले. "स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. कोंबडी कारखान्यातल्या मजुरांच्या पोरांना तोंडावर फुकटे म्हणते."

"कपाट फोडलंय?"

"नाही. किल्ल्या दोनच. एक माझी, एक तिची."

"एवढ्यात कोणी परकं आलं होतं?"

"सोमवारी परदेशी मजुरांची कागदपत्रं तपासणारी दोन सरकारी माणसं. अर्ज बघायचे होते. मी म्हटलं, लेखी आदेश आणा. आज सकाळी कपाट उघडलं तर हे."

डोरीनने उरलेले अर्ज चाळले. प्रत्येकावर पालकाच्या सरकारी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे होते. 'क्रमांक नाही' या चौकोनात खूण असलेला एकही अर्ज नव्हता.

दुपारी ती जेवणाच्या रांगेजवळ थांबली. अर्ज हरवलेल्यांपैकी इत्सेल नावाच्या मुलीने यंत्रावर आपल्या जेवणखात्याचे आकडे दाबले. मोफत जेवण बंद असल्याचा लाल दिवा लागला. मेलीनने दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताटात कोंबडीचे दोन तुकडे वाढले. "सरक पुढे, फुकटे."

शाळा सुटल्यावर डोरीनने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"चोराला चाळीस-पन्नास अर्ज हवे असते, तर त्याने वरचा गठ्ठा उचलला असता. इथे एकेक वाचून काढलाय. क्रमांक नसलेलेच, म्हणजे परवान्याशिवाय देशात राहणाऱ्या पालकांचेच, तेवढे गेलेत. अशी यादी त्या दोघांच्या हाती लागली, तर निम्मा कारखाना उचलला जाईल. सरांनी सोमवारी त्यांना परत पाठवलं, म्हणजे अर्ज सरांनी दिलेले नाहीत, आणि दुसरी किल्ली तुझ्याकडेच. आणि मेलीन, खरंच तुझा राग असता, तर लाल दिवा लागल्यावर ती पोरगी उपाशी गेली असती."

मेलीन ओटा पुसत राहिली. "भट्टीत घातले," ती म्हणाली.

"वाचनाच्या बाई जातील, ठाऊक आहे ना?"

"आहे. वाचायला उशिरा शिकेल ती पोरगी. बाप घरी हवा."

डोरीनने पिशवी उघडली. मग तिने अहवालाचा कागद काढला. नाव लिहिलं, मेलीन टटल. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: निष्काळजीपणा.

"नोकरी जाईल तुझी."

मेलीनने हात पुसले आणि खाली सही केली.